गेरूची खूण

"मावशी, हात काढा न बाहेर," दीपमाला सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाली. नलूबाईनं पदर दंडावर आणखी घट्ट ओढला.

मागच्या हिवाळ्यात फ्लूनं ह्याच बाईला आठ दिवस ऑक्सिजनवर निजवलं होतं. दमा जुना, हट्ट त्याहून जुना. पुन्हा फ्लू झाला तर निभणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कोरोना गेला न बाई. आता कायची सुई?"

"फ्लू वेगळा, मावशी. दरसाल रूप बदलून येते. म्हणून सुई बी दरसाल."

"माह्या बहिणीनं कोरोनाची सुई घेतलती. तरी कोरोनानंच गेली."

झालं! वडनेरात ह्या वाक्यापुढं कोणाचं काही चालत नसे. नलूबाईनं समोरच्या घराकडे बोट केलं. दारावर गेरूनं काढलेली बरोबरची खूण होती. कोरोनात लस झालेल्या घरावर सिस्टर अशी खूण करत. घर रूपरावचं. त्याची बायको कमलाबाई ही नलूबाईची थोरली बहीण. दर दिवाळीला रूपराव दार रंगवायचा, तेवढी खूण सोडून. किती जीव होता बायकोवर, म्हणून लोक हळहळत.

"विचारा माह्या भाऊजीले," नलूबाई म्हणाली.

रूपराव तिथंच तिच्या ओट्यावर बसला होता. लसीचा विषय निघाला की तो एरवी उठून वावराची वाट धरायचा. आज मेहुणीची धाप ऐकत बसून राहिला.

"घे नलू. मी सांगून राह्यलो."

"काऊन घेऊ? माह्या बहिणीले वाचवलं का तिनं?"

सिस्टरनं सुईचं टोपण परत लावलं आणि पेटी आवरायला घेतली.

रूपराव उठला. ओटा सारवायला ठेवलेला गेरूचा खडा त्यानं उचलला आणि रस्ता ओलांडला. जुन्या खुणेशेजारी त्यानं दुसरी खूण काढली. शेपूट तसंच लांब, तसंच वाकडं.

नलूबाई उभीच राहिली. "भाऊजी, हे काय?"

"तवाबी मीच काढलती. लस घेतली का माणूस मरते, असं लोक म्हणत. मी भेलो." गेरूचा हात त्यानं धोतराला पुसला. "सिस्टर खूण पाहून पुढं गेली. अन् कमला आतून हाका मारून राह्यलती, 'अवो, थांबवा न तिले!'"