एकाच डब्यात दोघं

"हिच्या भाकरीनं किल्ल्याचा बुरूज बांधावा!" नळदुर्गात, लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत बलभीमराव बोलले होते. तेव्हापासून द्वारकाबाईंनी अबोला धरला. निरोप आधी सासूमार्फत, मग मुलामार्फत. मुलगा झाला कसा, हे गल्लीला कोडंच.

आज तोच मुलगा, उत्कर्ष, डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क जुळवत वैतागला होता. "एकाच डब्यात दोन कॉम्प्युटर हायेत, आबा. साऱ्या जगाशी बोलत्यात, एकमेकांशी न्हाय."

"मंग?"

"सेटिंग बदललंय. आता एकानं हाक मारायची." त्यानं बटण दाबलं. "दुसऱ्यानं ओ दिली की!"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. बलभीमराव उठून चुलीपाशी गेले.



"भाकर मऊच हुती गं, द्वारके. पण शेजारी आई बसली हुती."