पौर्णिमेचे नकार

मिस्टर केलंड दारातून आत येताना दिसले, तेव्हा हेस्टर व्हिटकोमचं ‘नाही’ जिभेवर तयार होतं. त्या हिवाळ्यातलं हे पाचवं ‘नाही’. आधीची चार तिने नोव्हेंबरपासून, दर पौर्णिमेला एक याप्रमाणे, दिली होती. मार्लबरीत नाच पौर्णिमेलाच होत. परतताना गाड्या खड्ड्यात जाऊ नयेत, एवढाच त्यात चंद्राचा संबंध.

केलंडांचा अपराध साधा नव्हता. ऑक्टोबरात त्यांनी पहिल्या नाचासाठी हेस्टरला मागून ठेवलं होतं. रांगा लागल्या, व्हायोलिनं वाजू लागली आणि हेस्टरसमोरची जागा रिकामीच राहिली. अर्धा तास ती त्या रिकाम्या जागेसमोर उभी होती. अठरा जोडपी तिला खांबासारखा वळसा घालून गेली. केलंड तेव्हा तबेल्यात होते. त्यांची शिकारी कुत्री गाडीमागून धावत आली होती आणि तिथे व्याली होती. सात पिल्लं. नाच संपल्यावर ते आनंदाने सांगायला आले, बाहीला गवत तसंच.

गावाला ही गोष्ट महिनाभर पुरली. हेस्टरने त्याच आठवड्यात मावशींना, म्हणजे मिसेस पार्जिटरना, आपला बेत सांगितला. ‘दर नाचाला तो विचारील. दर नाचाला सगळ्यांसमोर मी नाही म्हणीन.’

‘अगं, पण एकाला नाही म्हटलं की त्या संध्याकाळी कुणालाच हो म्हणता येत नाही. बसून राहशील.’

‘राहीन.’

‘सव्वीस वर्षांची झालीस. बसून राहण्याचं वय आहे का हे?’

मावशींना नियमांचा धाक होता. गेल्या वर्षी हार्डिंगांची मुलगी एकाच तरुणाबरोबर तिसऱ्यांदा नाचली होती. सभ्य जोडीने एका संध्याकाळी दोनदाच नाचायचं असतं. तिसरा नाच संपायच्या आत गावाने तिच्या लग्नाचा केकसुद्धा ठरवून टाकला होता.

नोव्हेंबरात केलंडांनी विचारलं. हेस्टर नाही म्हणाली. केलंडांनी मान लववली आणि शेजारच्या खुर्चीत बसून माफी मागायला सुरुवात केली. ती संध्याकाळ संपेपर्यंत चालली. डिसेंबरात त्यांनी लिंबूपाणी आणलं आणि सातांपैकी एका पिल्लाला तिचं नाव दिल्याचं सांगितलं. नुसतं हेस्टर म्हणणं असभ्य झालं असतं, म्हणून ‘मिस व्हिटकोम’. हा मान आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

जानेवारीत हेस्टरने विचारलं, ‘मिस व्हिटकोम आता ऐकते का?’

‘छे. हाक मारली की तोंड फिरवते. मग जरा वेळाने येऊन पायाशी बसते.’

फेब्रुवारीतला सूड पाहून मावशी बुचकळ्यात पडल्या. नकार द्यायला नवा रेशमी झगा कशाला लागतो, हे त्यांना कळेना. पण हेस्टर म्हणाली, शत्रूसमोर गबाळं जाऊ नये.

आणि आज मार्च. मोसमातला शेवटचा नाच. यानंतर केलंड आपल्या शेतांकडे आणि कुत्र्यांकडे जाणार, ते ऑक्टोबरपर्यंत दिसायचे नाहीत. ते सरळ तिच्यासमोर आले आणि कमरेत वाकले. हेस्टरने श्वास घेतला.

‘मिस व्हिटकोम, तुमच्या मावशींनी काल मला तो नियम सांगितला. मला माहीतच नव्हता. माझ्यामुळे तुम्ही चारही संध्याकाळी बसून काढल्यात. आज मी विचारत नाही. तुम्ही खुशाल नाचा.’

एवढं बोलून ते समोरच्या भिंतीशी, चहाच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. तिथून दरवाजा जवळ होता.

‘गेला एकदाचा,’ मावशी म्हणाल्या. ‘चार महिने लागले, पण जिरवलीस हो. आता ऊठ.’

हेस्टर उठली नाही. जिभेवरचं ‘नाही’ तिथेच पडून होतं.

तेवढ्यात लेफ्टनंट डॅन्व्हर्स आला. त्याच्याइतका चांगला नाचणारा अख्ख्या परगण्यात नव्हता, आणि हे त्याने बऱ्याच जणांना सांगितलंही होतं. तो वाकला.

‘नाही,’ हेस्टर म्हणाली. ‘आज मी नाचणार नाही.’

लेफ्टनंट चकित होऊन गेला. मावशींच्या हातातली पिशवी खाली पडली.

‘अगं, याने तुझं काय बिघडवलं होतं?’

हेस्टरने पंखा मिटला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

केलंडांनी कप खाली ठेवला. ते नाचणाऱ्यांच्या रांगांमधून आले, वाटेत दोघांच्या पायावर पाय दिला आणि खुर्चीसमोर उभे राहिले. चार पायांच्या प्राण्यांचं त्यांना पटकन कळे; दोन पायांच्यांचं जरा सावकाश.

‘आज तर मी विचारलंसुद्धा नव्हतं.’

‘म्हणून तर त्या बिचाऱ्याला नाही म्हणावं लागलं.’

‘पण नाचायचंच नसेल तर...’

हेस्टरने पंखा उचलून खुर्ची मोकळी केली.

‘हो म्हटलं असतं तर दोन नाच मिळाले असते, मिस्टर केलंड. नाही म्हटलं की अख्खी संध्याकाळ मिळते.’