गलेलठ्ठ पिन

कमळाकरने बायकोच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि तिला अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसवलं. कसलाच आवाज नको म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बदलापूरच्या उकाड्यात दोघांना घामाच्या धारा लागल्या.

“आटपा लवकर,” भागीरथी म्हणाली. “कुल्फी सेट करायला ठेवलीय. ताई येईल सातला.”

अट ठरलेली होती. अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणारी जुनी वायर आणि नवी केबल यांच्या आवाजातला फरक तिला कळला नाही, तर केबल उल्हासनगरला परत आणि अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर. या घरात माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली उतरलेली कमळाकरने पाहिली नव्हती. पण केबल चांगली मनगटाएवढी जाड होती. “भाऊ, गाने के पीछे एकदम सन्नाटा मिलेगा,” असं दुकानदार धर्मेशभाई म्हणाला, आणि कमळाकर तिथेच पाघळला होता.

त्याने न सांगता आधी जुनी वायर लावली. पेटी वाजली, तबला वाजला, बाई गायली. भागीरथीचा चेहरा ढिम्म.

“रोजचंच आहे.”

मग नवी. तिची गलेलठ्ठ पिन नेहमीच्या सॉकेटमध्ये मावेना. कमळाकरने घाईघाईने शोकेसमागे हात घातला, चाचपडत हाताला आली ती पिन उपटली आणि तिथल्या मोठ्या सॉकेटमध्ये केबल बसवली.

गाणं पुन्हा सुरू झालं. भागीरथी ताठ बसली. बाईने श्वास घेतला, तोसुद्धा ऐकू आला.

“अहो, ही नवी,” ती हळूच म्हणाली. “खोटं कशाला बोलू? मागे काहीतरी होतं ना, ते गेलं.”

कमळाकरला रडूच यायचं बाकी होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा हरली होती, आणि तेही खुशीने. पाच ते सात दोघं शेजारी बसून ऐकत राहिली. पंचा सोडायचंही तिला सुचलं नाही.

सातला ताई आली. भागीरथीने हॉलच्या कोपऱ्यातला फ्रीज उघडला, तर आत काळोख. खाली पाण्याचं तळं, आणि साच्यांत कुल्फीची बासुंदी. तिने शोकेसमागे डोकावून पाहिलं. फ्रीजची पिन जमिनीवर पडली होती.

कमळाकरने माळ्याकडे पाहिलं.

“केबल परत करून या,” भागीरथी म्हणाली. “अ‍ॅम्प्लिफायर राहू दे खाली. गाणं लावायचं असलं की मला सांगा, फ्रीज मी बंद करते.”