तलावावरचे मामा

१९६७च्या दिवाळीत मामा मुलगा दाखवायला आणणार होते. हेमलताला शिकायचं होतं, म्हणून ती घरी न सांगता कॉलेजच्या शिबिराला पळून आली. जंगलात, तलावाकाठी तंबू होते.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाकाला आलेल्या तिथल्याच गिरजाबाईनं तिला अडवलं. “तलावाकडे जाऊ नको, पोरी. मामा आलेत.”

हेमलतानं घाबरून विचारलं, “रागात आहेत?”

“भुकेले असतीन. रातभर चालून आलेत.”

पळावं की पाया पडावं, तिला कळेना. गुडघेदुखीचे मामा आपल्यासाठी रात्रभर चालले! शेवटी भाकरी घेऊन ती तलावावर धावलीच. चिखलात ताटलीएवढे पंजे उमटले होते.

मागून येऊन गिरजाबाईनं तिला ओढलं. “मेली असती ना. रानात वाघाले वाघ म्हणत नाही, मामा म्हणतेत.”

सुटले म्हणावं, तर हेमलताला रडूच आलं. त्याच दुपारी तिनं मामांना सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं नाही, पण मामांनी स्थळ मोडलं.

गिरजाबाई तलावाकाठीच म्हातारी होऊन वारली. हेमलता वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक झाली, लग्नाचं मात्र राहूनच गेलं. मामा जावयाचं तोंड न पाहताच गेले.