डॉक्टर नेरकरांची बदली

पितांबरनानांनी वहाणा बाहेर काढल्या आणि मगच डॉक्टर नेरकरांच्या खोलीचं दार ढकललं. असा नियम कुठे लावलेला नव्हता. तरी पांझरा लोकरुग्णालयात त्या एका दारापुढे कायम वहाणांचा ढीग असे, आणि तिथल्या कारभारी मंडळाचे सभासद झाले म्हणून नाना काही त्यातून सुटले नव्हते.

"बसा नाना," डॉक्टर म्हणाले.

नाना उभेच राहिले. या माणसानं पिंपळनेरच्या एका बाईच्या पोटातून कलिंगडाएवढा गोळा काढला होता, आणि ती बाई आता निंदणीला जाते. बैलानं फाडलेल्या लोटन गुराख्याला यानंच शिवून उभं केलं होतं. याच्यासमोर बसायचं म्हणजे गाभाऱ्यात पाय पसरण्यासारखंच.

"भागाबाईंना तुम्ही मुंबईला न्यावं, असं मला वाटतं. मी चिठ्ठी देतो."

"मुंबईले कसाले, साहेब? आमनी मुंबई आठेच शे."

मुंबई इथेच, याच खोलीत असताना डॉक्टरांचा केवढा हा नम्रपणा! नानांना गहिवरून आलं.

"नाना, त्या बदलीबद्दल मला जरा…"

"तुम्ही एक शब्द बोलू नका. तुम्ही कसाले तोंड विटाळता? आमी शेतस ना!"

डॉक्टरांचे डोळे पाण्यानं भरले. देवाकडे पाठ करू नये म्हणून नाना तसेच मागे मागे सरकत बाहेर पडले आणि दाराबाहेर वहाणांच्या ढिगात अडखळले.

बायकांच्या वॉर्डात नानांची बायको भागाबाई कुशीवर पडली होती. तिच्याही पोटात गोळा होता आणि तो वाढत होता. ऑपरेशन दोनदा ठरून पुढे गेलं होतं. एकदा डॉक्टरांना सर्दी झाली, एकदा हवा दमट होती. एवढा बारीक विचार करणारा डॉक्टर मुंबईत तरी मिळेल का, असं नाना सगळ्यांना विचारत.

"डाक्टर गया ते मी बी गई, समजा," भागाबाई म्हणाली.

"कोठे जास तो? मी शे ना मंडळमा!"

"घरमा तुमनं कोणी ऐकत नही, मंडळमा कोन ऐकी?"

प्रश्न रास्त होता. पण मंडळ ही चीजच अपूर्व होती. आजवर या दवाखान्यात खाटेचा पाय मोडला तरी मुंबईचा हुकूम येईपर्यंत रोगी तिरपा झोपे. मग सरकारला काय सुचलं कोण जाणे, प्रयोग म्हणून सगळा कारभार स्वतंत्र मंडळाकडे दिला. औषधं, नेमणुका, बदल्या, सगळं मंडळ ठरवणार. वकील, व्यापारी, शेतकरी असे सात जण आता एका लांब टेबलाभोवती बसत आणि आपण कोणाच्या बापाला भीत नाही, हे एकमेकांना सांगत.

आणि पहिलीच परीक्षा आली ती ही. मुंबईहून हुकूम आला होता: डॉक्टर नेरकरांची पुण्याच्या कचेरीत बदली, मंडळाची संमती असल्यास.

बदली आपोआप होत नसते, तिच्यामागे कोणाचा तरी हात असतो, हे खानदेशात पानवाल्यालाही ठाऊक. हात कोणाचा, तेही ठाऊक होतं. मंडळातले चुडामणभाऊ याच कामासाठी गेल्या महिन्यात दोनदा मुंबईला जाऊन आले होते.

दुपारी सभा भरली. अध्यक्ष बन्सीलाल वकिलांनी घसा साफ केला.

"चुडामणभाऊ, तुमच्या जावयाला आणायचंय का त्या जागी?"

"माझा जावई बियाणं विकतो," चुडामणभाऊ शांतपणे म्हणाले. "बदलीवर येणारा नवा सर्जन हुशार आहे, तरणा आहे. त्याला येऊ द्या."

"म्हणजे देवाला उठवून पुजारी बसवायचा?" रतिलालशेठ कडाडले.

"मी एवढंच म्हणतो, डॉक्टरांना आत बोलवा आणि एकदा विचारा."

काय हा कावा! अशा माणसाला समोर उभं करून, तुम्हाला राहायचंय का, असं विचारायचं? कोणाची जीभ उचलली असती?

"ते विचारणं म्हणजे अपमान," वकील म्हणाले. "मत घेतो."

तीन हात बदलीच्या बाजूनं वर गेले. चुडामणभाऊंचे मिंधे दोघे होतेच. तीन विरुद्ध गेले. सगळे नानांकडे पाहू लागले.

"नाना, सांभाळून," चुडामणभाऊ हळूच म्हणाले. "तुमचंच माणूस वॉर्डात आहे."

ही सरळ धमकी होती. आयुष्यात पहिल्यांदाच सरकार, चुडामणभाऊ आणि मुंबई तिघांच्या विरुद्ध त्यांनी हात वर केला. बदली रद्द झाली. त्या भरात मंडळानं आणखी एक ठराव केला. रखडलेली ऑपरेशनं उद्यापासून सुरू, पहिलं भागाबाईंचं, आणि तेही डॉक्टर नेरकरांच्याच हातून. असा ठराव करता येतो, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

नाना अनवाणी धावत गेले. "साहेब, जितनूत! तुम्ही आते कोठेच जात नही. उद्या सकाळी भागाबाई!"

डॉक्टरांनी उजवा हात खिशात आणखी खोल घातला.

"नाना, मला कोणी विचारलं का नाही?"

"तुमले इचारानं? आमनी काय हिंमत!"

"बदली मीच मागितली होती," डॉक्टर म्हणाले. "चुडामणभाऊंचे पाय धरून. कोणाला सांगू नका, अशी शपथही घातली होती."

मग त्यांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला, डाव्यानं तो घट्ट दाबून धरला, आणि तरीही टेबलावरच्या पेल्यावरचं झाकण वाजू लागलं.