बोलणारा नको

"घरात माणसं किती?" पक्षीवाल्या बाईंनी विचारलं.

"एक," बाबा म्हणाले.

"दोन," लेक म्हणाली आणि दचकून तिनं बाबांकडे पाहिलं.

ते एका निळ्या मकाव पोपटाकडे मान वर करून बघत होते. "हो, हो. दोन," ते म्हणाले. "सध्या दोन."

आई गेल्यापासून बाबांचा आकड्यांचा असा घोळ व्हायचा. लेकीनं मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला आता जागाही उरली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती तक्रारींच्या फोनवर बसायची. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, कालपासून कुणी फिरकलं नाही. दिवसभर लोक तिच्या कानात ओरडायचे आणि ती "नोंद घेतली आहे" म्हणत राहायची. अन् एक कान सतत घराकडे. बाबा न्हाणीघरात पुन्हा पडले तर नसतील? गॅस बंद केला असेल ना? मागच्या महिन्यात दूध करपून घरभर धूर झाला होता आणि बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

म्हणून ती गुपचूप एक वृद्धाश्रम पाहून आली होती. स्वच्छ होता. खोलीला पूर्वेची मोठी खिडकी होती. तिथल्या व्यवस्थापकांनी दोनदा घरच्या फोनवर फोन केला, "ताई, काय ठरलं?" ठरलं होतं सगळं. सांगायचं तेवढं राहिलं होतं. रोज चहाच्या वेळी शब्द ओठांवर यायचे आणि चहाबरोबर पोटात जायचे.

अशात बाबांनीच एक दिवस पोपटाचं काढलं. "घरात एक पक्षी हवा," म्हणाले आणि धोशाच लावला. तिला सुटल्यासारखं झालं. आश्रमातल्या त्या खिडकीत पिंजरा छान राहील. एवढ्याशा पाखराला कोण नको म्हणणार? आज पक्षी घ्यायचा आणि घरी गेल्यावर सांगून टाकायचं, असं ठरवूनच तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"हा मकाव कसा काय?" बाबांनी विचारलं.

"देखणा आहे, पण ओरडला की गल्ली गोळा होते."

"मग नको. घरात शांतता हवी. आणि तो पांढरा?"

"काकाकुवा. भारी लाघवी. पण चोवीस तास कडेवर घ्या म्हणतो. जरा दुर्लक्ष झालं की दाराच्या चौकटी कुरतडतो."

"छे! दिवसभर घराला कुलूप असलं तर?"

"बाबा, कुलूप कशाला असेल?" लेक म्हणाली. "तुम्ही असता ना घरी."

"विचारून ठेवावं माणसानं." बाबांची सारी हयात बस डेपोत ब्रेक तपासण्यात गेली होती. दहा शंका काढल्याशिवाय त्यांच्या हातून गाडी सुटत नसे, मग ड्रायव्हर कितीही कुरकुरोत.

बाई हसल्या. त्यांच्या बोटांवर चोचींचे जुने ओरखडे होते. "आजोबा, पोपट घेताय की जावई शोधताय?"

"जावई शोधायला हिनं दिलंय कधी?" बाबा म्हणाले. लेक नुसती हसली. एरवी ती या विषयावर फणकारली असती, पण आज अंगात त्राण नव्हतं.

कोपऱ्यातला करडा पोपट एकदम म्हणाला, "आलात का? बसा!" लेकीला पहिल्यांदाच खरं हसू फुटलं.

"हा घेऊ या, बाबा. दिवसभर गप्पा मारेल तुमच्याशी."

"बोलणारा नको," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्हालाच तर बोलायला माणूस लागतं!"

"नको म्हटलं ना. दिवसभर बोलणं ऐकून जीव विटतो." त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "संध्याकाळी जवळ येऊन गप्प बसेल, असं काही नाही का?"

बाईंनी एका पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर लाली लावल्यासारखे केशरी ठिपके. "कॉकाटील. बोलण्यात कच्चा, शीळ मात्र गोड घालतो. दिवसा काही तास एकटा राहील, पण संध्याकाळचा वेळ त्याला द्यायलाच हवा. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सोबत करतो."

"पंधरा-वीस," बाबा पुटपुटले. "म्हणजे पुरेल."

 बाबा अजून वीस वर्षांचा हिशेब करत होते आणि लेक त्यांना घराबाहेर काढायला निघाली होती. आज सांगायला नको, तिला वाटलं. पण मग कधी?

बाईंनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि बाबांच्या तळहातावर बाजरीचं छोटं कणीस ठेवलं. "पहिले काही दिवस एकाच माणसानं भरवायचं. मग तो त्याच माणसाचा होतो. घाला हात, आजोबा."

 बाबांनी कणीस लेकीच्या हातात दिलं.

"तू घाल."

"मी कशाला? हट्ट तुमचा, पक्षी तुमचा."

"घाल गं."

त्यांनी तिचं मनगट धरून हात पिंजऱ्याच्या दारातून आत नेला. पक्षी मागे सरला, मान तिरकी करून बघत राहिला, मग एकेक पाऊल टाकत आला आणि तिच्या बोटांमधून दाणे टिपू लागला. ते हलकं टोचणं तिला कोपरापर्यंत जाणवलं.

"पण बाबा, त्याला तुमचा लळा लागायला हवा," ती हळूच म्हणाली. "उद्या तुम्ही... कुठंही राहायला गेलात, तरी तुमच्याबरोबर राहील ना तो."

बाबांची नजर पक्ष्यावरच होती.

"तिथं पक्षी ठेवू देत नाहीत गं," ते म्हणाले. "मी जाऊन विचारून आलोय."