लपवायची जागा

ओक्लाहोमातल्या त्या गावात बंदुकांचं दुकान एकच, वर्लिनचं. शिक्षकांनी वर्गात बंदूक लपवून बाळगायची, असं शाळेने ठरवलं होतं; म्हणून बालवाडीची शिक्षिका ट्रूडीने चौथं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिलं.

"हेच घ्या, बाई. चिमुकलं आहे, वजन तर जाणवतही नाही," वर्लिन म्हणाला. "कमरेला खोचा, वर सैल स्वेटर घाला. कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"तुमच्या हेझलला कळेल. रोज सकाळी वर्गात आली की पहिली इथे कमरेलाच मिठी मारते."

नातीचं नाव ऐकून वर्लिन थबकला. रिव्हॉल्व्हर मात्र त्याने परत मागितलं नाही. रिव्हॉल्व्हर अडकवून पोटरीला बांधायचा पट्टा काढून तिच्यापुढे सरकवला.

ट्रूडीने तो पट्टा पोटरीला लावून पाहिला.

"गोष्टीच्या तासाला ती माझ्या पायाला टेकूनच बसते हो."